भाऊ न्यू जर्सीत अटकेत, फेडरल (अमेरिकी केंद्र सरकारची) केस कशी चालते?

दादरकर_ताई: धाकट्या भावाला परवा पहाटे एफबीआयने घरातून नेलं. वायर फ्रॉडचा, म्हणजे फोन-इंटरनेटवरून फसवणूक केल्याचा आरोप आहे. वहिनीचा फोन आल्यापासून आईच्या घशाखाली घास उतरत नाही. जामीन मिळेल का?

पार्ल्याचा_वकील: ताई, आधी हे ऐका. तो तुरुंगातून फोन करेल तेव्हा केसबद्दल अवाक्षर काढू नका. ते कॉल रेकॉर्ड होतात, मराठीतून बोललात तरी सरकार भाषांतर करून घेतं. "जेवलास का, वकील भेटले का" एवढंच बोला. आईंनाही आत्ताच बजावून ठेवा.

आपल्याकडच्यासारखी पोलीस कोठडी तिथे नसते. आधी मॅजिस्ट्रेट जज आरोप आणि हक्क सांगतात. सरकारी वकिलाने कोठडी मागितली, तर सुट्ट्या सोडून साधारण ३ ते ५ दिवसांत जामिनावर सुनावणी. परदेशी नागरिक पळून जाईल हा मुद्दा येणारच. म्हणून भाडेकरार, मुलांच्या शाळेचे कागद, पासपोर्ट जमा करायची तयारी, सगळं वहिनींनी वकिलांकडे द्यावं.

परळ_७८: पैसे नसतील तर कोर्ट फेडरल पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारी खर्चाने बचावाचा वकील देतं. फुकटचा म्हणून नाकारू नका, ते रोज हेच खटले लढतात.

दादरकर_ताई: वहिनी म्हणते, गुन्हा कबूल केला तर लवकर सुटेल.

पार्ल्याचा_वकील: घाईने सही नको! कबुलीत फसवणुकीने झालेलं नुकसान १०,००० डॉलरच्या वर दाखवलं, तर हद्दपारी जवळपास अटळ होते. हा धोका वकिलाने सांगायलाच हवा, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ठरवलंय. इमिग्रेशनचा वकील सोबत घ्या, मगच कबुलीचं बोला.