अनुभव धागा: नोकरीला लागल्यावर कॉलेजची दोस्ती कशी टिकवली? खान्देशवाले, लिहा

तापीकाठी

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांपासून हा विषय डोक्यात घोळतोय. नोकरी लागली, लग्न झालं, पोरंबाळं झाली, त्यानंतर कॉलेजची दोस्ती टिकवायला तुम्ही नेमकं काय करता? खान्देशातल्याच लोकांना विचारतोय कारण आपल्याकडे शिकला की गाव सुटतं, जळगाव-धुळ्याला डिग्री घ्यायची आणि पुणे, नाशिक, सुरत गाठायचं. त्यामुळे प्रत्येक ग्रुपात काही गेलेले असतात आणि काही राहिलेले, आणि खरी गोम तिथेच आहे असं माझं मत.

माझं आधी सांगतो. जळगावला बी.एस्सी. केलं. आमच्या डिग्रीवर नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, बहिणाबाईंचं नाव २०१८ ला लागलं, आमची बॅच त्याच्या बरीच आधीची. एका खोलीत चौघं राहायचो. आज मी पुण्याला हिंजवडीत, एकाने चोपड्याला मेडिकल टाकलंय, एक शाळेवर आहे, एकाने घरची केळी सांभाळली. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर सकाळी फुलांचे फोटो आणि वाढदिवसाला केक पडतो, त्याला मी दोस्ती म्हणत नाही. आमची टिकली ती एकमेकांच्या कामी पडलो म्हणून.

मागे एकदा वडिलांना रात्री छातीत दुखायला लागलं. मी पुण्यात, ट्रॅव्हल्स पकडली तरी पोचायला सकाळ होणार. आईने मला फोन करायच्या आधी मेडिकलवाल्याला केला, आमचं गाव चोपड्याहून जवळ. तो गाडी काढून आला, रात्रीच जळगावला नेऊन ॲडमिट केलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरला घडाघडा सांगितलं कारण महिन्याची औषधं त्याच्याच दुकानातनं जातात, आणि फॉर्मवर नातं लिहायची जागा होती तिथे 'मुलगा' लिहून सही ठोकली. मी पोचलो तेव्हा वडील उशीला टेकून चहा पीत होते आणि हा बाहेर बाकड्यावर झोपलेला, डोक्याखाली रिपोर्टची फाईल. मी त्याला उठवलं तर म्हणे, तू तोंड धू आधी. पुढे त्याची धाकटी बहीण पुण्यात नोकरीला आली तेव्हा होस्टेल मिळेपर्यंत आमच्याकडेच राहिली, माझी बायको आणि ती आता माझ्यापेक्षा जास्त बोलतात एकमेकींशी. परतफेड वगैरे शब्द आमच्यात कोणी काढत नाही.

तुम्ही पण लिहा, मोठं लिहा. तुटलेल्या दोस्तीबद्दल लिहिलं तरी चालेल.

रावेरची केळी

भाऊ, मी राहिलेल्यांपैकी. राहिलेल्याच्या बाजूने सांगतो, कारण आमचं कोणी विचारत नाही.

सुरुवातीची काही वर्षं जड गेली. पोरं दिवाळीला यायची, गाडीचं, फ्लॅटचं, पॅकेजचं बोलायची आणि मला विचारायची, काय मग, शेती काय म्हणते? आणि उत्तर यायच्या आत मोबाईल बघायची. त्यांच्या मनात काही वाईट नसायचं, पण मला बोलायला जागाच राहायची नाही. त्यातला एक मात्र वेगळा निघाला. तो घरी न बसता थेट बागेत यायचा. ठिबकच्या नळ्या बघायचा, घड कितीचा भरेल विचारायचा, करपा रोग कसा ओळखायचा ते शिकला. आता तो पुण्यात कंपनीत बसून बऱ्हाणपूरला आज काय भाव निघाला ते मला माझ्या आधी सांगतो आणि व्यापारी बोर्डाच्या भावापेक्षा कमी द्यायला लागला की माझ्यापेक्षा जास्त तोच तापतो.

एका मे महिन्यात वादळ झालं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, केळीला लावणीपासून अकरा-बारा महिने सांभाळायचं, घड भरत आला की झाड वजनाने वाकलेलंच असतं, आणि वारा सुटला की खोड मधनंच कटकन मोडतं. अर्ध्या तासात बाग आडवी. विम्याला ७२ तासांत कळवावं लागतं नाहीतर पुढचं सगळं बोंबलतं. इकडे लाईट नाही, रेंज नाही, मी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करू राहिलो आणि गावाबाहेर रोडवर जाऊन एकेक फोटो त्याला पाठवू राहिलो. त्याच्याकडे माझा सातबारा, पासबुक, आधार सगळं आधीपासून सेव्ह होतं, त्याने रात्री बसून ऑनलाइन नोंद केली, पावती नंबर मला मेसेज केला आणि शनिवारी स्वतः आला. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा तो माझ्या बाजूला उभा होता, हातात वही, कुठल्या गटात किती झाडं गेली ते लिहून घेत होता. आई म्हणे याला जेवायला तरी बसव. तो आडव्या पडलेल्या केळीत बसून भाकरी खाऊन गेला.

माझं म्हणणं एवढंच की गेलेल्यांनी आल्यावर आमच्या कामात यावं. हॉटेलात बोलावून बिल भरू नये.

तापीकाठी

@रावेरची केळी भाऊ, शेवटचं वाक्य माझ्या सगळ्या ग्रुपवर टाकलंय.

आखाजीची लेक

बायकांचं वेगळं असतं, म्हणून लिहिते. माझं माहेर अमळनेर, सासर आणि नोकरी सुरतला, उधन्याला दवाखान्यात नर्स आहे. होस्टेलची मैत्रीण नंदुरबारला दिली. पोरांना मित्राकडे जायला कोणाला विचारावं लागत नाही, आम्हाला सांगावं लागतं की कुठे, कशाला, आणि मैत्रीण म्हटलं की पुढचा प्रश्न, म्हणजे नात्यातली कोण? नात्यातल्या लग्नाला रजा मिळते, मैत्रिणीच्या बारशाला मागितली तर घरातले आणि वॉर्डातले दोघंही तोंड बघतात.

आम्हाला आमच्या रेल्वेलाईनने सांभाळलं. सुरतहून भुसावळकडे येणारी गाडी नंदुरबारवरनंच जाते. मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी निघाले की तिला डबा नंबर कळवते. गाडी थांबते तेवढ्या वेळात ती खिडकीशी हजर, एका हातात पोरगं आणि दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत सांजोऱ्या, लोणच्याची बरणी आणि एकदा तर चक्क तिच्या साडीचा तुकडा, कारण मी फोनवर रंग चांगला आहे म्हटलं होतं. खिडकीच्या गजांतनं काय बोलणार, तब्येत कशी, सासू कशी, पगार वाढला का, आणि गाडी हलते. पण ती पाच-सात मिनिटं मला वर्षभर पुरतात असं खोटं मी लिहिणार नाही, पुरत नाहीत. म्हणून मग आम्ही दुसरी गोष्ट केली, घरच्यांची ओळख करून दिली. तिच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सुरतला करायचं ठरलं तेव्हा मी आमच्या घरी उतरवून घेतलं, त्यांनी माझ्या सासूबरोबर पापड लाटले, दोघी एकाच वयाच्या, दोघी बोलक्या. तेव्हापासून नात्यातली कोण हा प्रश्न बंद झाला. आता माझी सासूच विचारते, तुझी नंदुरबारवाली बरेच दिवसात आली नाही गं.

ज्या पोरींची लग्नं ठरतायत त्यांना माझं सांगणं, मैत्रिणीला नवऱ्याच्या नुसत्या मित्रांशी भेटवू नका, सासूशी भेटवा.

भुसावळ यार्ड

मी लोको पायलट आहे. आमच्या ड्युटीला ना दिवाळी ना रविवार, आणि गाडी चालवताना मोबाईल बंद ठेवावाच लागतो, त्यामुळे मित्र फोन करतात, लागत नाही, त्यांना वाटतं हा मोठा माणूस झाला. मी सगळ्यांना एकदा समजावून सांगितलं की भावांनो, फोन करू नका, व्हॉइस मेसेज टाका. आता रनिंग रूमला, म्हणजे आमच्या आरामाच्या खोलीवर, आलो की आंघोळ, जेवण आणि मग कॉटवर पडून एकेकाचं ऐकतो. एक जण तर गाडी चालवता चालवता गल्लीतली सगळी बातमीपत्रं सांगतो, मागे हॉर्न, भाजीवाला, त्याच्या पोरीचं रडणं सगळं ऐकू येतं. मी पण तसंच लांबलचक पाठवतो. लगेच उत्तर पाहिजे हा हट्ट सोडला की नोकरीतल्या माणसाशी दोस्ती जमते.

धुळेकर

तुटलेलीबद्दल लिहितो. आम्ही दोघं धुळ्याला ग्रॅज्युएशन करून पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करत होतो, एक खोली, एक मेस, पुस्तकं पण अर्धी-अर्धी. त्याचा निकाल आला, माझा नाही. त्याने मला मिठी मारली, पेढे भरवले, पोस्टिंगला गेला आणि हळूहळू फोन कमी होत गेला. मी पण मग केला नाही, कारण मी फोन केला तर त्याला वाटेल काम असेल. साहेबाला मित्राने फोन करणं किती अवघड असतं ते ज्याचा निकाल लागत नाही त्यालाच कळतं. मी परत धुळ्याला आलो, क्लास चालवतो, बरं चाललंय. त्याचा राग नाही मला, पण वाईट वाटतं, आजही वाटतं. ज्याला आधी मिळतं त्याने पहिला फोन करायचा असतो. मागे राहिलेल्याकडनं तो होत नाही.

पाचोरा पॅसेंजर

@धुळेकर भो, आमच्यात उलट झालं म्हणून सांगतो, धीर धरावा. आमचा साहेब झालेला मित्र दर महिन्याला अभ्यासिकेच्या पायरीवर येऊन बसायचा, गाडी लांब लावून. कोणाला काही शिकवायचा नाही, चहा प्यायचा, अहिराणीत शिव्या द्यायचा, ऐकायचा. फोनवर पण त्याचं पहिलं वाक्य, 'काय रे भो, जित्ता शे का?' पोस्ट कुठलीही असो, हे वाक्य बदललं नाही. तुम्ही एकदा करून बघा फोन, काम नसताना करा आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाका की काम नाहीये.

पैशाचं पण बोललं पाहिजे, इथे कोणी काढलं नाही. आमच्या ग्रुपात देवाणघेवाण चालते पण तारीख बोलून. एकाचं दुकान बुडालं तेव्हा सगळ्यांनी जमेल तसं दिलं आणि देतानाच सांगितलं की हे परत नको. दोन्हींच्या मधलं, म्हणजे बघू सावकाश, असं जे असतं ना, तिथेच माणसं रस्ता बदलून जायला लागतात.

प्रताप कॉलेजवाली

आमचा ग्रुप २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरच्या साहित्य संमेलनामुळे परत जुळला. साने गुरुजींच्या गावात अखिल भारतीय संमेलन, त्याच वेळी तिथेच विद्रोही संमेलन पण, आणि गावात पाय ठेवायला जागा नाही. आम्ही मराठी विभागाच्या पाच-सहा जणी वेगवेगळ्या गावांहून आलो होतो, कोणी शिक्षिका, कोणी एलआयसीत, कोणी घरी. परिसंवाद निम्मेच ऐकले खरं, बाकी वेळ पुस्तकांच्या स्टॉलवर आणि कॉलेजच्या झाडाखाली. पण तिथे ठरलं की दर महिन्याला एक पुस्तक सगळ्यांनी वाचायचं आणि शेवटच्या रविवारी फोनवर बोलायचं. चालू आहे. दोस्तीला एखादा विषय लागतो, नाहीतर मुलांचे मार्क आणि गुडघेदुखी यावरच गाडी येते.

चोपडा मेडिकल

वर ज्याने माझं कौतुक लिहिलंय तोच मी, 'मुलगा' लिहिणारा. त्याच्या वडिलांनी आम्हाला परीक्षेच्या वेळी खोलीवर डबे पोचवलेत, सायकलवर, त्यामुळे ती सही मी विचार करून केली नव्हती.

आमचं थंडीतलं भरीत लिहायचं राहिलं त्याच्याकडून. डिसेंबरच्या शेवटी पुण्यावाल्याला सुट्ट्या असतात, तेव्हा केळीवाल्याच्या शेतात जमतो. वांगी बामणोदची, ती मोठी, पांढरट हिरवी, २०१६ ला जळगावच्या भरीत वांग्याला जीआय मिळालं तीच. कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, वांगी उलटीपालटी करत भाजायची, साल काळी होऊन आतनं पाणी सुटलं की काढायची, सोलायची आणि लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचायची. ठेचायचं काम शाळेवाल्याकडे, तो कोणाला हात लावू देत नाही. मग कांद्याची पात, शेंगदाणे, तेल, आणि सोबत कळण्याची पुरी. बायका-पोरं सगळी येतात. वडिलांनाही खुर्ची टाकून शेकोटीजवळ बसवतो, त्यांना तिखट कमी घालून वेगळं काढतो.

यंदा पण आहे. पुण्याहून येणाऱ्याच्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, रावेर-यावल-चोपड्याकडचं कोणी त्या आठवड्यात गावी येत असेल तर आधी कळवा, वांगी तेवढी जास्त सांगून ठेवतो.

धुळेकर

पाचोरेवाले भाऊ, केला फोन. त्याने लगेच उचलला. भरिताच्या गाडीत जागा असतील तर आम्ही दोघं. तो पुण्यातच आहे सध्या.