फलकाचा मजकूर पास कोणी केला?

ए-204 पाटणी: लॉबीतल्या फलकावर दिगंबर जैन मुनी शांतिसागर महाराजांनी ‘आमरण उपोषण करून देह ठेवला’ असं छापलंय. उपोषण मागणीसाठी करतात. महाराजांनी सल्लेखना घेतली होती, म्हणजे व्रत म्हणून क्रमाक्रमाने अन्नपाणी सोडून देह ठेवला. मजकूर पास कोणी केला? 🙏

सी-101 कुलकर्णी: मांडवाने पार्किंगच्या तीन जागा अडवल्यात. कृपया लक्ष द्यावे.

बी-302 दोशी: पाटणीताई, अगदी बरोबर. महाराजांची दृष्टी अधू झाली होती. मुनीने चार हात पुढची जमीन निरखून पाऊल टाकायचं, ही ईर्यासमिती. मुंगी दिसेना झाली की अहिंसा महाव्रतच धोक्यात. म्हणून सल्लेखना. शास्त्रात तिचाही क्रम आहे: आधी अन्न सुटतं, मग दूध, मग ताक-कांजी, मग नुसतं गरम पाणी, शेवटी तेही. कुंथलगिरीला 36 दिवस चालली.

ए-401 जोशी: शेवट एकच ना काका? 2015 ला राजस्थान हायकोर्टाने गुन्हा ठरवलं होतं.

बी-302 दोशी: 10 ऑगस्टला. 31 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली, ते फॉरवर्डमध्ये गळलेलं दिसतंय.

सी-101 कुलकर्णी: मांडव??

बी-105 उपाध्ये: ‘1920 ला आचार्य झाले’ हेही चूक. 1920 ला यरनाळला मुनिदीक्षा, आचार्यपद 1924 ला समडोळीला. 18 सप्टेंबर 1955 तारीख ठीक, पण पुण्यतिथी भाद्रपद शुद्ध द्वितीयेला करतात. आणि फोटो असा कापलाय की पिंछी (मुनींचा मोरपिसांचा कुंचला) अर्धी, कमंडलू गायब.

ए-401 जोशी: पिंछीला मोरपिसं चालतात? अहिंसा ना? 😄

बी-105 उपाध्ये: मोराने आपणहून गाळलेली पिसं असतात. मऊ, घाम-धूळ न धरणारी, हलकी. बसण्याआधी जागा झाडली तरी किडा दुखावत नाही. विचारलंत ते बरं झालं, हसलात ते नाही.

सेक्रेटरी: मजकूर डिझायनरने नेटवरून घेतला. ‘उपोषण’वर स्टिकर लावून देतो. नवा फ्लेक्स बजेटमध्ये नाही.

ए-204 पाटणी: महाराजांच्या फोटोखाली ठिगळ? गणपतीच्या कमानीला बजेट होतं.

सेक्रेटरी: कमानीचा विषय इथे नको. शुद्ध मजकूर कोणीतरी एकाने पाठवा.

बी-105 उपाध्ये: ‘जन्म 1872, मुनिदीक्षा यरनाळ 1920, आचार्यपद समडोळी 1924, सल्लेखनापूर्वक समाधी कुंथलगिरी 1955.’ एवढंच. विशेषणं जोडू नका.

सी-101 कुलकर्णी: खाली मांडव कधी निघणार तेही छापा.