मसल कारमध्ये बसल्यावर काय जाणवतं आणि कशामुळे? (अनुभव धागा)

डेट्रॉईटकर

१९६४ साली पॉन्टिॲकने टेम्पेस्टच्या मध्यम आकाराच्या बॉडीत ३८९ घन इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि जीटीओ बाजारात आणली. मध्यम गाडीत असं जोरदार इंजिन, तीच मसल कार. मग शेव्हेल एसएस, रोडरनर, चार्जर, कॅमॅरो यांची रांगच लागली. दर ऑगस्टमध्ये तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर या गाड्या हजारोंनी उतरतात. ट्रॉय-नोव्हायकडच्या मराठी मंडळींना शेजाऱ्याच्या नाहीतर ऑफिसातल्या कुणाच्या गाडीत बसायची संधी मिळत असते.

धाग्यावर बसण्याचे अनुभव हवेत, पण "काय आवाज, काय पिकअप" एवढ्यावर थांबू नका. काय जाणवतं, त्यामागे कुठला भाग असतो आणि बिघाड असेल तर तो कसा ओळखायचा, ते लिहा. शेजारच्या सीटवर बसूनही गाडीची तब्येत बरीचशी कळते, असं माझं ठाम मत आहे.

तेलकट_हात

गाडी चालू करण्यापासून सुरुवात करू. इंजिन थंड असताना ॲक्सलरेटर एकदा तळापर्यंत दाबून सोडायचा, म्हणजे ऑटोमॅटिक चोकची (थंडीत हवा कमी करणारी) झडप बंद होते आणि फास्ट आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन जरा जास्त फिरवणारा, कॅम जागेवर येतो. मग किल्ली. गाडी बरेच दिवस उभी असेल तर कार्ब्युरेटरच्या बोलमधलं (पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या कप्प्यातलं) पेट्रोल उडून गेलेलं असतं आणि पंप ते भरेपर्यंत स्टार्टर जरा जास्त फिरवावा लागतो. त्यात काळजीचं काही नाही. मात्र चालवणारा धपाधप पेडल मारत असेल तर दर वेळी कच्चं पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांत, पडतं आणि इंजिन ओव्हरफ्लो होतं. तसं झालं की पेडल तळाला दाबून तसंच धरायचं, हलवायचं नाही आणि स्टार्टर मारायचा. चोक थोडा उघडतो आणि जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं.

गरम गाडी मात्र वेगळाच त्रास देते. कॉफीला पंधरा-वीस मिनिटं थांबलात आणि गाडी चालू होईना, बॉनेटखालून पेट्रोलचा वास येतोय, तर बोलमधलं पेट्रोल उकळून खाली मॅनिफोल्डमध्ये उतरलेलं असतं. हल्लीच्या १० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलने हे वाढलंय. त्यात मेकॅनिकल पंप इंजिनलाच चिकटलेला आणि टाकी मागे, त्यामुळे पंप ओढतो त्या लायनीत दाब कमी होऊन तिथेही वाफ धरते. कार्ब्युरेटरखाली अर्धा इंच जाडीचा फिनोलिकचा (उष्णता अडवणाऱ्या प्लास्टिकचा) स्पेसर आणि पेट्रोलची लाईन एक्झॉस्टपासून लांब, एवढ्यावर बहुतेक गाड्या सुधारतात. स्पेसर घातल्यावर एअर क्लीनर बॉनेटला लागत नाही ना, ते आधी मापून घ्या.

मोपारवेडा

क्रायस्लर, डॉज, प्लायमथवाल्यांसाठी. किल्ली फिरवली की इंजिन पेटतं आणि किल्ली सोडताच बंद पडतं, असं झालं तर कार्ब्युरेटरला हात लावू नका. फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) पांढऱ्या चिनी मातीचा एक लांबट तुकडा असतो, तो बॅलस्ट रेझिस्टर. स्टार्टर फिरत असताना कॉइलला थेट बॅटरीचा करंट जातो. किल्ली सोडली की तो या रेझिस्टरमधून जातो, आणि आतली तार तुटलेली असली की करंट बंद. बदलायला एक स्क्रू आणि वायरींचे कनेक्टर, पाच मिनिटांचं काम. जाणते मालक जादाचा एक तुकडा ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतातच.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. या गाड्यांत चार्जिंगचा जवळपास सगळा करंट डॅशबोर्डवरच्या ॲमीटरमधून (करंट दाखवणाऱ्या काट्यातून) फिरून येतो. वाटेत तो फायरवॉलवरच्या प्लास्टिकच्या मोठ्या कनेक्टरमधल्या चपट्या पिनांतून जातो. पन्नास वर्षांत त्या पिना गंजतात, तिथे रोध वाढतो, पिन तापते आणि प्लास्टिक वितळतं. हेडलाईट आणि हीटरचा पंखा एकदम लावल्यावर डॅशकडून जळक्या प्लास्टिकचा वास आला किंवा ॲमीटरचा काटा थरथरला, तर तिथेच थांबा आणि बॅटरीची वायर काढा. दुरुस्ती म्हणजे कनेक्टर उघडून तपकिरी पडलेल्या पिना बदलायच्या आणि अल्टरनेटरपासून स्टार्टर रिलेपर्यंत फ्यूजिबल लिंक (जास्त करंट आला की वितळणारा वायरीचा तुकडा) घालून जाड वायर वेगळी टाकायची. नुसता मोठा अल्टरनेटर बसवला की संकट वाढतं, कारण त्याच जुन्या पिनांवर भार आणखी चढतो.

व्ही८_विदर्भ

आवाजाबद्दल. शेव्हरलेच्या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. विषम आकड्यांचे सिलिंडर डाव्या रांगेत, सम आकड्यांचे उजव्या. आता मोजा: ८ नंतर लगेच ४, दोन्ही उजवे. ५ नंतर लगेच ७, दोन्ही डावे. म्हणजे प्रत्येक बाजूच्या सायलेन्सरमध्ये स्फोट सारख्या अंतराने येत नाहीत, आणि तोच तो घुमणारा, अडखळता आवाज. याच कारणाने ५ आणि ७ च्या प्लगवायरी एकमेकींना चिकटून नेऊ नयेत. ५ चा ठिणगीचा दाब ७ च्या वायरीत उतरला तर ७ वेळेआधी पेटतो आणि जोरात ॲक्सलरेटर दिल्यावर गाडी झटके खाते.

आयडलला सगळी गाडी हलत असेल तर ते बहुधा रेसिंग कॅममुळे (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट). इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात आणि मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो. चांगल्या स्टॉक इंजिनात तो पाऱ्याच्या १७ ते २१ इंच असतो. तो फार खाली गेला की पॉवर ब्रेकचा बूस्टर ढिला पडतो आणि सिग्नलला पेडल दगडासारखं लागतं. आवाजाच्या हौसेपायी कॅम बदलणाऱ्यांनी आधी गेज लावून व्हॅक्यूम बघावा.

सिग्नलला उभं असताना चालवणाऱ्याने इंजिन रेस केलं की बॉडी उजवीकडे झुकते. क्रँक ज्या बाजूला फिरतो त्याच्या उलट इंजिन पिळवटतं, त्यामुळे इंजिनाची डावी बाजू वर उचलली जाते. सगळा ताण डाव्या माउंटिंगच्या रबरावर. रबर फाटलं तर इंजिन वर येऊन ॲक्सलरेटरची जोडणी ओढू शकतं, म्हणजे पाय न लावता गाडी पळते. याच दोषापायी १९७१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख शेव्हरले परत बोलावल्या होत्या, आणि इंजिन उचलू नये म्हणून त्यांना केबल बसवून दिली. आजही तपासणी सोपी आहे: हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, ड्राइव्हमध्ये थोडा ॲक्सलरेटर द्यायचा आणि एकाने बाजूला उभं राहून, गाडीच्या समोर नाही, उघड्या बॉनेटमधून बघायचं. इंजिन एखाद इंचापेक्षा जास्त उचललं तर माउंटिंग गेलेलं आहे.

पाटे_आणि_शॉक

व्ही८_विदर्भ यांनी लिहिलेला पीळ मागच्या ॲक्सललाही लागतो. प्रोपेलर शाफ्ट अख्खं हाउसिंग फिरवू बघतो आणि उजवं मागचं चाक हलकं होतं. साधं डिफरन्शियल (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) असेल तर तेच चाक फिरत सुटतं आणि रस्त्यावर एकच काळा पट्टा उमटतो. दोन पट्टे उमटले तर लिमिटेड स्लिप आहे, म्हणजे एकच चाक फिरत सुटू न देणारं डिफरन्शियल: शेव्हरलेत पॉझिट्रॅक्शन, क्रायस्लरमध्ये शुअर-ग्रिप, फोर्डमध्ये ट्रॅक्शन-लॉक. वळणावर मागून कटकट-थरथर जाणवत असेल तर क्लचप्लेटवाल्या हाउसिंगमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर (क्लचप्लेटी अडखळू नयेत म्हणूनचं रसायन) न घालता नुसतं गिअर ऑईल भरलेलं असतं. ती छोटी बाटली घाला, मोकळ्या मैदानात हळूहळू आठाच्या आकारात फिरवा, बहुतेकदा थांबतं.

गाडी सुटताना मागून धडाधड उड्या बसत असतील तर मागच्या स्प्रिंगचे पाटे पिळवटून सुटतायत. १९६७ च्या कॅमॅरोत मागे एकेकच पाटा होता, ती यासाठी बदनाम. १९६८ ला एक शॉक ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे दिला, जोरदार इंजिनांना जास्तीचे पाटे दिले. क्रायस्लरने पाट्याचा पुढचा भाग आखूड आणि कडक ठेवून हेच दुखणं आधीपासून आवरलं होतं. मला त्यांची रचना जास्त पटते.

गिअरबॉक्समधून सतत किणकिणाट येत असेल तर तो दोष असेलच असं नाही. मन्सी एम-२२ या गिअरबॉक्सचे गिअर जवळपास सरळ दातांचे असतात, ती तशीच वाजते.

हायवेवर तासभर बसायचं असेल तर मागच्या ॲक्सलचा गिअर रेशो (चाक एकदा फिरायला शाफ्ट किती वेळा फिरतो) विचारून घ्या. ४.१० असेल तर ताशी १०० किमीला इंजिन ३,१०० च्या पुढे फिरतं आणि गप्पा मारता येत नाहीत. ३.२३ ला तेच साधारण २,५००.

डेट्रॉईटकर

हॉर्सपॉवरच्या आकड्यांवरून वाद होतात म्हणून एक नोंद. शेव्हेलचं ४५४ एलएस-५ इंजिन १९७१ ला ३६५ आणि १९७२ ला २७० म्हणून छापलं गेलं. इंजिन तेच. आधी मोकळं इंजिन स्टँडवर ठेवून मोजत, नंतर सायलेन्सर, एअर क्लीनर, अल्टरनेटर लावून मोजू लागले.

सावध_प्रवासी

ब्रेक. १९६७ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरला एकच कप्पा असतो. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही ब्रेक गेले. बसण्याआधी मालकाला पेडल अर्धा मिनिट दाबून धरायला सांगा. ते हळूहळू खाली गेलं तर त्या दिवशी बसू नका. पाठोपाठ दोन-तीनदा जोरात ब्रेक मारले की ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते. पावसात पाणी शिरलं की गाडी एका बाजूला ओढते. समोर डिस्क बसवण्याचा खर्च पेंटच्या आधी करावा.

नवी_आई_मिनेसोटा

मुलांना मागे बसवून फेरी मारली तर चालेल का?

सावध_प्रवासी

आधी पट्टे बघा. पुढच्या सीटला खांद्याचा पट्टा १ जानेवारी १९६८ पासून सक्तीचा झाला. मागे मात्र फक्त कमरेचाच असतो, जुन्या गाड्यांत तोही नसतो. बूस्टर सीटला खांद्याचा पट्टा लागतोच, कमरेच्या पट्ट्यावर ती लावायची नाही. पाच पट्ट्यांची चाइल्ड सीट कमरेच्या पट्ट्याने बांधता येते, पण मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि वरचा टेदर (सीट मागे बांधायचा पट्टा) अडकवायला हुक नसतो, तो बॉडीला नीट वेल्ड केलेल्या जागी बसवून घ्यावा लागतो.

दुसरं म्हणजे धूर. या गाड्यांना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, त्यामुळे विषारी कार्बन मोनॉक्साईड (सीओ) भरपूर. डिकीचं रबर, मागच्या लाईटांची गॅस्केट आणि गाडीच्या तळातले रबरी बूच तपासा. डिकीत एकाला टॉर्च घेऊन बसवा, झाकण लावा, उजेड जिथून बाहेर दिसेल तिथून धूर आत येतो. तपासताना इंजिन बंदच असू द्या. हे झाल्यावरही बॅटरीवर चालणारा सीओ मीटर मागच्या सीटवर ठेवा, आणि मुलांना मळमळ किंवा डोकेदुखी झाली तर लगेच थांबून दारं उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा. बरं वाटेना तर ९११ ला फोन करा.