मदत हवी आहे : पीसीओएस आणि अस्तरातल्या ‘एनके पेशीं’चा रिपोर्ट कसा वाचायचा?

रानजाई :
केस थोडक्यात देते. वय ३१, पीसीओएस (हार्मोनचा विकार, ज्यात अंडं वेळेवर फुटत नाही), पाळी ४० ते ४५ दिवसांनी. लेट्रोझोल (अंडं फुटण्याचं औषध) २.५ मिग्रॅवर अंडं फुटतं, पण तीन सायकल होऊनही गर्भधारणा नाही. मग आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भधारणा). पाचव्या दिवसाचे गोठवलेले भ्रूण एकेक करून दोनदा ठेवले, दोन्ही वेळा बीटा-एचसीजी (रक्तातली गर्भचाचणी) निगेटिव्ह. भ्रूणांची क्रोमोझोम तपासणी केलेली नाही.

आता दोन रिपोर्ट आलेत. रक्तात एनके (‘नॅचरल किलर’, प्रतिकारशक्तीच्या) पेशी १९ टक्के (लॅबची वरची मर्यादा १२). गर्भाशयाच्या अस्तराच्या बायोप्सीत (तुकडा काढून तपासणी) सीडी-५६ पेशी (एनके पेशींवरची खूण) ‘अपेक्षेपेक्षा कमी’. बायोप्सी औषधाविना, पाळीच्या २१व्या दिवशी घेतली होती. सल्ला मिळालाय इंट्रालिपिड (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) यांचा. रक्तात जास्त आणि अस्तरात कमी, हे एकाच वेळी कसं? आणि उपचार नेमका कशावर चाललाय?

सूक्ष्मदर्शी :
आधी तारीख बघा, पेशी नंतर. २१वा दिवस हा २८ दिवसांच्या पाळीचा हिशेब आहे. पाळी ४२ दिवसांची असेल तर अंडं साधारण २८व्या दिवशी फुटतं, कारण त्यानंतरचा काळ जवळपास १४ दिवसांचाच असतो. म्हणजे बायोप्सी घेतली तेव्हा अंडं फुटायला आठवडा बाकी होता आणि प्रोजेस्टेरॉनचा (अंडं फुटल्यावर वाढणाऱ्या हार्मोनचा) पत्ताच नव्हता. अस्तरातल्या एनके पेशी वाढतात त्या प्रोजेस्टेरॉन आल्यावर, आणि खऱ्या अर्थाने भरतात पाळीच्या शेवटच्या आठवड्यात. त्याआधी घेतलेल्या तुकड्यात त्या कमी दिसणारच. त्याला ‘दोष’ म्हणणं म्हणजे पेरणीआधी पीक मोजणं.

रिपोर्टचं वर्णन पुन्हा वाचा. ग्रंथी सरळ नळीसारख्या आणि पेशी विभाजन भरपूर असं असेल तर अस्तर अजून वाढीच्या टप्प्यात होतं. अंडं फुटून दोन-तीन दिवस झाले की ग्रंथींच्या पेशींत केंद्रकाच्या खाली पोकळ ठिपके दिसतात, ही साधी खूण.

रक्ताचं म्हणाल तर दोन्ही पेशींचं नाव एक, जात वेगळी. रक्तातल्या बहुतेक एनके पेशींवर सीडी-१६ (पृष्ठभागावरची दुसरी खूण) असतो आणि त्या मारक असतात. अस्तरातल्या पेशींवर सीडी-५६ ठळक, सीडी-१६ जवळपास नाही. त्यांचं काम मारण्याचं नसून गर्भाशयाच्या नागमोडी धमन्या रुंद व्हायला मदत करण्याचं आहे. सुरुवातीच्या गर्भारपणात अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के याच असतात. रक्तातल्या आकड्यावरून अस्तराचा अंदाज बांधता येत नाही.

तिसरी_घंटा :
वरच्याला पुरवणी. पीसीओएसमध्ये योग्य दिवशी तुकडा घेतला तरी या पेशी कमी सापडल्याचे अभ्यास आहेत. कारण बहुधा पेशींच्या आधीच्या पायरीवर असतं. महिनोन्‌महिने अंडं न फुटल्याने अस्तराला नुसतं इस्ट्रोजेन मिळत राहतं, मग प्रोजेस्टेरॉन आलं तरी ते पुरेसा प्रतिसाद देत नाही. त्यात इन्सुलिन जास्त. अस्तराच्या आधार-पेशी नीट बदलल्या नाहीत की त्यांच्याकडून येणारं आयएल-१५ (पेशींना वाढीचा संदेश देणारं प्रथिन) कमी पडतं, आणि एनके पेशी वाढतात त्याच्याच जोरावर. हॉक्सा-१० सारखी रुजण्यासाठी लागणारी जनुकंही मंदावतात.

आता गंमत बघा : अस्तरात पेशी कमी आहेत म्हणायचं आणि औषध द्यायचं त्यांना दाबायचं! प्रेडनिसोनची (शरीरात त्याचं प्रेडनिसोलोनच होतं) मोठी चाचणी २०२३ मध्ये आली. वारंवार भ्रूण न रुजलेल्या ७१५ स्त्रिया, रोज १० मिग्रॅ. जिवंत जन्म ३७.८ टक्के, औषध नसलेल्या नकली गोळीवर (प्लासिबो) ३८.८. वर मुदतपूर्व प्रसूती वाढल्या. पीसीओएसमध्ये स्टेरॉइडने साखर चढते ते वेगळंच. इंट्रालिपिड सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या फॉस्फोलिपिडचं असतं, त्यामुळे त्यांची ॲलर्जी विचारल्याशिवाय तर देऊच नये. २०२३ च्या एश्रेच्या (युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेच्या) शिफारशींमध्ये या तपासण्या आणि हे उपचार दोन्ही नेहमीच्या वापरासाठी नाकारले आहेत.

शिवाय दोन अपयश म्हणजे लगेच ‘वारंवार’ नव्हे. न तपासलेल्या भ्रूणांत क्रोमोझोमचा दोष हे पहिलं संशयित कारण, एकतिशीतही.

रानजाई :
रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर ‘प्रोलिफरेटिव्ह फेज’ (वाढीचा टप्पा) असंच छापलंय! मग सीडी-१३८ तरी करावं का? आणि पुढचा ट्रान्सफर (भ्रूण ठेवणं) पुन्हा इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवरच करायचा का?

सूक्ष्मदर्शी :
मग सीडी-५६ चा तो आकडा बाद समजा. सीडी-१३८ मात्र विचारण्यासारखं आहे, कारण त्यातून प्लाझ्मा पेशी, म्हणजे अस्तराची जुनाट सूज शोधली जाते आणि तिच्यावर औषध आहे. तिचा तुकडा रक्तस्राव थांबल्यावर, पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घेतात. तुमचा आधीचा तुकडा वाढीच्या टप्प्यातलाच आहे, तेव्हा लॅबकडे त्याचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) शिल्लक असेल तर त्याच्यावरच रंग करून मागा, नवी बायोप्सी टळेल. एक खबरदारी : सीडी-१३८ ग्रंथींच्या पेशींनाही रंगवतो, त्यामुळे मोजणी आधार-ऊतीतल्या पेशींचीच हवी. किती पेशी म्हणजे सूज यावर एकमत नाही. एखादी दिसली म्हणून घाबरू नये. पॉझिटिव्ह आलंच तर सहसा डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, १४ दिवस, आणि मग पुन्हा तपासणी. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते.

तिसरी_घंटा :
ट्रान्सफरबद्दल : लेट्रोझोलवर अंडं फुटतंय ना, मग त्याच सायकलमध्ये भ्रूण ठेवता येतो का हे डॉक्टरांना जरूर विचारा. अंडं फुटलं की कॉर्पस ल्यूटियम (प्रोजेस्टेरॉन बनवणारी अंडाशयातली रचना) तयार होतं. गोळ्यांच्या सायकलमध्ये ते नसतं, आणि तिथे गर्भारपणात रक्तदाबाचा त्रास जास्त दिसतो. क्लोमिफिनसारखं (अंडं फुटण्याचंच दुसरं औषध) लेट्रोझोल अस्तर पातळही करत नाही. गोळ्यांचीच सायकल ठरली तर प्रोजेस्टेरॉन पूर्ण पाच दिवस झाल्यावरच पाचव्या दिवसाचा भ्रूण, आणि ट्रान्सफरच्या सुमारास रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासून घ्या. १० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर बरेच डॉक्टर इंजेक्शन जोडतात.

त्याआधी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी, थायरॉइडसाठी टीएसएच. साखर वा इन्सुलिनचा प्रश्न निघाला तर मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅपासून जेवणाबरोबर, दर आठवड्याला वाढवत १५०० ते २००० पर्यंत. एकदम पूर्ण डोस घेतला की जुलाब होतात आणि लोक औषधच सोडून देतात. लांबल्या वापरात बी-१२ बघावं.

सूक्ष्मदर्शी :
आणि पुन्हा कधी उत्तरार्धातली बायोप्सी करायची वेळ आलीच तर एलएच (अंडं फुटण्याआधी वाढणारं हार्मोन) वाढल्यापासून सातवा ते नववा दिवस, त्याच दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (३ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर अंडं फुटलंय) आणि सकाळी गर्भचाचणी. त्या सायकलमध्ये गर्भनिरोधक वापरलेलं बरं. लॅबच्या फॉर्मवर शेवटच्या पाळीच्या तारखेशेजारी एलएचची तारीख स्वतः लिहून द्या. त्या तारखेला फॉर्ममध्ये जागाच नसते.