मदत हवी आहे: गाडी तापली की स्टार्टच होत नाही

राजेहो, बाबांची १९९६ ची कार्बोरेटरवाली पेट्रोल गाडी आहे, सकाळी थंड असताना लगेच चालू होते पण नागपुरात वर्धा रोडवरून सीताबर्डीला येऊन बंद केली की मग सेल्फ नुसता फिरतो, इंजिन धरतच नाही. अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की आपोआप चालू. मेकॅनिक म्हणतो उन्हानं पेट्रोलची वाफ होते अन् इंजिनला पेट्रोल पोहोचत नाही, मला नाही पटत, कारण तेव्हाच प्लग काढून बॉडीला टेकवून पाहिला तर पेट्रोलनं ओला अन् स्पार्क नाहीच, आला तर बारीक पिवळट. प्लग, वायरी नवीन आहेत. कॉइल (स्पार्कसाठी जास्त व्होल्टेज बनवते ती) बदलू की डिस्ट्रिब्युटरमधलं (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटतो तो भाग) मॉड्यूल, म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणारं इलेक्ट्रॉनिक युनिट? गरम असताना मल्टिमीटरनं नेमकं काय मोजायचं? बाबांना दवाखान्यात याच गाडीनं न्यावं लागते अन् मे महिना तोंडावर आहे, जाणकारांनी सांगा भाऊ.