टेकऑफला विमान डावीकडे का ओढतं?

ऐरोलीकर: नमस्कार मंडळी, सेसना १५२ या दोन सीटच्या छोट्या विमानावर ट्रेनिंग चालूय, सध्या सुट्टीत घरी आलोय. फुल थ्रॉटल (इंजिनची पूर्ण ताकद) दिला की नाक डावीकडे पळतं आणि सर नुसतं "राइट रडर, राइट रडर" म्हणतात, म्हणजे शेपटीवरची झडप वळवणारं उजवं पेडल दाब. पण का आणि किती? पाठ करून बसायचं नाहीये, समजून घ्यायचंय.

घोडबंदरचा काका: छान विचारलंस. १५२ चा प्रोपेलर आपल्या सीटवरून बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याची हवा विमानाभोवती पीळ घेत मागे जाते आणि उभ्या शेपटीवर डावीकडून आदळते, मग शेपटी उजवीकडे आणि नाक डावीकडे. त्यात टॉर्कमुळे, म्हणजे प्रोपेलर फिरतो त्याच्या उलट विमानाला बसणाऱ्या पिळामुळे, डावं चाक रनवेवर जास्त दाबलं जातं, तिकडचं घर्षण वाढतं. पी-फॅक्टर, म्हणजे खाली येणारं उजवं पातं जास्त ओढतं ते, खरं जाणवतं नाक वर उचलल्यावर. म्हणून "किती" ला ठरलेलं उत्तर नाही रे. सुरुवातीला जास्त, स्पीड वाढून रडरला हवा मिळाली की थोडा कमी, आणि रोटेट करताना (उडण्यासाठी नाक वर घेताना) नोजव्हील उचललं की परत उजवा पाय दाबायचा. नजर रनवेच्या लांबच्या टोकावर ठेव, नाक हललेलं लगेच कळतं. आणि थ्रॉटल एकदम ढकलू नकोस, सावकाश दे!!

वाशी_विंग: काकांना अनुमोदन, पण वारा विसरू नका. डावीकडून क्रॉसविंड (रनवेला आडवा वारा) असला तर शेपटीवर वारा बसून नाक वाऱ्याकडे म्हणजे डावीकडेच वळतं, दोन्ही ओढ एकत्र. वारा रनवेला ३० अंशात १० नॉट असेल तर क्रॉसविंड ५ नॉट धरायचा. एलेरॉन (पंखांच्या टोकाच्या झडपा) सुरुवातीला पूर्ण वाऱ्याच्या बाजूला, मग स्पीड वाढेल तसा कमी करत जायचा.

ऐरोलीकर: रोटेटला परत दाबायचा हे आत्ता डोक्यात शिरलं, थँक्यू काका! सगळ्याच विमानांना डावीकडेच ओढतं का?

घोडबंदरचा काका: नाही, टायगर मॉथ या जुन्या ट्रेनर विमानाचं जिप्सी मेजर इंजिन उलटं फिरतं, ते विमान उजवीकडे जातं.

वाशी_विंग: अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टाचा खाली जमिनीवर ठेव, पेडलच्या वरच्या भागाने ब्रेक लागतो, त्यामुळे पंजे वर सरकले की नकळत ब्रेक लागतो आणि विमान त्याच बाजूला फिरतं. सेंटरलाइन सुटायला लागली आणि पायाने आवरत नसेल तर उडवून सुटका करून घ्यायला जाऊ नकोस, स्पीड नसताना ओढलेलं विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल सुटून खाली येतं. थ्रॉटल बंद, सरळ ठेवायचं, मग दोन्ही ब्रेक सारखे. रनवे पुढे शिल्लक असतानाच हा निर्णय घ्यायचा, आणि कितव्या खुणेपर्यंत घ्यायचा ते लाइनअप करायच्या (टेकऑफसाठी रनवेवर उभं राहायच्या) आधीच सरांशी बोलून ठेव.