लहान मुलांना घेऊन पाणपक्षी बघायला: तुमचे अनुभव लिहा

थंडी पडली की 'पक्षी बघायला जाऊ या' सुरू होतं, आणि नेमका खंड्या सूर मारायच्या बेतात असताना चिरंजीव 'शू आली' म्हणतात. नांदूर मध्यमेश्वर, भिगवण, ठाण्याची खाडी, कुठेही गेला असाल तर मुलांनी काय बघितलं आणि तुम्ही कसं निभावलंत ते इथे लिहा. पक्ष्यांच्या याद्या नकोत.

सुरुवात मीच करते. आम्ही नाशिकचे, म्हणजे नांदूर मध्यमेश्वर घरचंच. गोदावरी-कादवेच्या संगमाशी इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी आले. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) हेच, २०२० साली जाहीर झालेलं. लेक साडेचार वर्षांची. दुर्बीण तिच्या काही कामाची नाही. दोन्ही नळ्या एवढ्याशा चेहऱ्यावर जुळत नाहीत, तिला स्वतःच्या पापण्याच दिसतात. गाइडदादांनी स्कोपचा (एका डोळ्याने बघायच्या मोठ्या दुर्बिणीचा) स्टँड पार तिच्या नाकापर्यंत खाली आणला. आत जांभळी पाणकोंबडी. लालभडक पायाच्या मुठीत एक देठ धरलेला, तो चोचीने सोलत होती. "आई, ती ऊस खातेय!" निफाडकडच्या पोरीला दुसरं काय सुचणार! मग तिथून ती हलेचना. मागे रांग लागली, एक काका हातातल्या लेन्सकडे बघून उसासे टाकत होते. टाकू देत. उजाडताना पोचा आणि ऊन चढायच्या आत निघा. मनोऱ्यावर चढताना मुलाच्या मागे एक मोठं माणूस हवंच.

खाडीकाठचे आजोबा
ठाण्याच्या खाडीत ऐरोलीहून वनखात्याची बोट निघते, तिची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. पूर्ण भरतीला चिखल बुडतो, मग रोहित (फ्लेमिंगो) तिथे थांबत नाहीत. पूर्ण ओहोटीला बोट चालत नाही. त्यामुळे वेळ कधी पहाटेची, कधी नेमकी दुपारच्या झोपेची. आधी ती विचारा, मग नातवंडांना सांगा. काही पक्षी करडे का, असं नातवाने विचारलं. ती लहान आहेत, खाण्यातून हळूहळू रंग चढतो, असं सांगितलं. घरी येऊन त्याने स्वतःहून बीट मागितलं! चव घेतल्यावर संशोधन थांबलं.

म्हापशेकर
आमचं गोव्यातलं चोडण बेट. रिबंदरहून फेरीबोट, तीच पोरांची अर्धी सहल. सलीम अली अभयारण्यात खारफुटीतून पायवाट जाते. खरं सांगायचं तर पक्षी आम्हीच बघितले. पोरं पालथी पडून चिखलातल्या निवट्या बघत होती, मासा असून कल्ल्यांजवळच्या परांवर सरकत चालणाऱ्या. शेजारी एकच नांगी भली मोठी असलेले खेकडे ती सारखी हलवत होते. 'तो बाय करतोय' म्हणत धाकटीने प्रत्येकाला उलट बाय केलं. ओहोटी बघून जा, भरतीला यातलं काही दिसत नाही.

स्पष्टच बोलते
एक विषय राहिला. एका ठिकाणी (नाव घेत नाही) नावाड्याने फोटोसाठी बोट थेट थव्यात घातली. सगळे रोहित उडाले, बोटीत टाळ्या. माझ्या सहा वर्षांच्या मुलाने विचारलं, "ते जेवत होते ना?" लांबून आलेले पक्षी पोट भरायला उतरतात, त्यांना असं उडवण्यात कसली मजा? बसण्यापूर्वीच सांगून ठेवा, जवळ नेऊ नका, पैसे तेवढेच देऊ. कुरव (सीगल) पक्ष्यांना शेव-गाठी टाकणाऱ्यांनाही हेच.

ब्रिस्टलहून
इथे स्लिमब्रिजच्या पाणपक्षी केंद्रात पूर्वी दाण्यांची पिशवी विकत मिळायची आणि मुलं बदकांना हातावरून भरवायची, त्यामुळे वरचं वाचून जरा चपापले. पण ते त्यांना चालणारं धान्यच असायचं, आणि पाव आणू नका असं बजावलेलं असायचं. सपाट वाटा, बाबागाडी सगळीकडे जाते. एका हंसाने आमच्या लेकाचा हातमोजा ओढला; तेव्हापासून तो फक्त काचेमागून पक्षी बघतो.

दोन पोरांचा बाप
राजस्थानात भरतपूरला रिक्षा करा. चालवणारेच पक्षी दाखवतात, आमच्याआधी त्यांना घुबड दिसतं. पोरगं मांडीवर झोपलं तरी आपलं बघणं चालू. सप्टेंबर-ऑक्टोबरात चित्रबलाकांच्या घरट्यांत पिल्लांचा जो कलकलाट असतो, तो ऐकून आमची दोघं प्रथमच गप्प बसली.

प्रश्न आहे
भिगवणला सासूबाई आणि तीन वर्षांची मुलगी, दोघींना नेता येईल का?

म्हापशेकर
गोव्याहून मुद्दाम गेलो होतो, सांगतो. कुंभारगावला बोटीत चढताना सासूबाईंना दोघांनी धरावं लागेल, काठ निसरडा असतो. मुलीच्या मापाचं जॅकेट असेलच असं नाही, फोनवर आधी विचारा. रोहित हवे असतील तर उजनी धरणाचं पाणी ओसरून चिखल उघडा पडू द्या, जानेवारीनंतर जा. चिलापी (तिथला मासा) फ्राय बोटीत बसण्यापूर्वीच सांगून ठेवा, आणि मुलीसाठी काटे काढून द्या.